गणिताच्या पेपराला निघालेली गाडी

प्रिय अकबर,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयाला पत्र आलं की माणूस आधी तेच विचारतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी ठणठणीत आहे, साळुबाई ठणठणीत आहे आणि तिची जीभ आम्हा दोघांहून ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अरे, फोनवर आपण नुसते ओरडतो. जेवलास का, ऊन किती आहे, डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं, एवढं झालं की तुला खोकला येतो आणि मी फोन ठेवतो. शिवाय फोन उचलते गुलशन. "अब्बा, हौशीकाका," एवढं बोलून ती तो तुझ्या हातात देते, 'कसे आहात' एवढंसुद्धा विचारत नाही. तिची तक्रार करत नाही मी. पण मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे आणि मधे कुणी खोकलेलं चालणार नाही.

डिझेल-पेट्रोल संपलं ते तुमच्या जुन्नरलाही संपलंच की. तुझं ऑपरेशन त्यापायी पुढं ढकललं गेलं हे कळलं, तेव्हा मी त्या चोरांना ज्या शिव्या घातल्या त्या कागदावर लिहीत नाही. आणि चोर तरी कसे म्हणायचे त्यांना? तेल आणणाऱ्या पाइपलाइनच्या कॉम्प्युटरात कुठून तरी लांबून शिरले आणि आतून कुलूप घालून बसले. एक थेंब नेला नाही, एक पाइप फोडला नाही. तेल होतं तिथंच, आणि आपण कोरडे. मी तीस वर्षं या रस्त्यावर वडाप केलं, दहाच्या जीपमध्ये सतरा माणसं कोंबली, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारे बघितले, टाकीला नळी लावून तोंडानं ओढणारे बघितले. पण ही तऱ्हा माझ्या बुद्धीबाहेरची. टीव्हीवरचा माणूस रोज सांगायचा की तज्ज्ञ काम करत आहेत. साळुबाई त्याला म्हणायची, "कर बाबा, कर, आमी हाय हितंच."

गाव मात्र रडत बसलं नाही हो. दूध न्यायला गाडी येईना, तर बायकांनी अंगणात चुली मांडल्या आणि खवा आटवला. आठ दिवस सगळ्या गल्लीला लग्नघराचा वास. द्राक्षवाल्यांनी माल तसाच फेकायचा सोडून गच्च्यांवर पसरला, मनुके केले. माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. ज्यांची पोटं सुटली होती ती जरा आत गेली. कळंबच्या पंपाला दोरी बांधलेली होती, तरी माणसं कॅन घेऊन रोज रांगेत उभी राहायची, टँकर येणार म्हणून. टँकर आला तरी तो आधी दवाखान्याला आणि पोलिसांना. त्याला माझी ना नाही. पण रोज 'उद्या' म्हणायचं, आणि उद्या आला की पुन्हा 'उद्या', याचा मला भयंकर संताप यायचा.

कारण आमच्या घरात उद्याला चालणार नव्हतं. आमची सून वृषाली यंदा दहावीला बसली होती. हसू नकोस. एकतीस वर्षांची बाई, एका पोराची आई, नववीतून उठून लग्न करून आलेली. गेल्या साली मला न विचारता तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. मला कळलं ते पुस्तकं घरात आली तेव्हा. मी म्हणालो, बाई गं, काय कमी आहे तुला इथं? ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "कमी काय न्हाई मामा. पन अर्धं सोडल्यालं मला खुपतंय."  खरं सांगू का, तेव्हा मी मनात हसलो होतो. वर्षभर ती पोराला झोपवता झोपवता सूत्रं पुटपुटायची. गणित तिला जड. समीकरण सुटलं नाही की पीठ असं मळायची की परातीला घाम फुटावा.

भाषेचे तीन पेपर झाले आणि डिझेल संपलं. एसटी बंद. आमचा मुलगा चाकणच्या कंपनीत, तो तिकडंच अडकला. बोर्डानं पेपर काही पुढं ढकलले नाहीत. प्रश्नपत्रिका आधीच पोलीस पहाऱ्यात येऊन पडल्या होत्या. कागद वेळेवर, माणसं गेली उडत. केंद्र कळंबला, आमच्यापासून तेरा किलोमीटर. गावातली धडधाकट पोरं सायकलवर जात होती. पण वृषालीचा पाय तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडली, मांडीत रॉड आहे. सायकल मारता येत नाही आणि अर्धा मैल चालली की पाय ओढत येते. कळंबला कुणाकडे ठेवावी, तर लांबच्या गावांची पोरं आधीच तिथल्या घराघरांत भरलेली. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी सकाळी ती दिसेना. तासाभरानं वेशीकडून येताना दिसली, कपाळावरून घाम गळतोय, ओठ दाताखाली. कुठं गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, "बगत व्हते किती येळ लागतो. पहाटं तीनला निगाले तर पोचते मी." आणि आत जाऊन चुलीपाशी बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी तिला समजावलं असतं आणि घरी बसवलं असतं.

मी उठलो आणि गोठ्यात गेलो.

आता तू म्हणशील, गावात बैल नव्हते का? होते की, अकरा होते. आणि अकराच्या अकरा शर्यतीचे. कामाच्या बैलांच्या खुरांना तूच शेवटच्या पत्र्या ठोकल्यास. तू गाव सोडलंस आणि पाच-सात वर्षांत ते बैलही गेले. नांगराला ट्रॅक्टर, मालाला टेम्पो, आणि दावणीला हे राजे. दूध पितात, अंडी खातात, वर्षाकाठी शर्यतीच्या चार-पाच घाटांत चढावर बारा-तेरा सेकंद पळतात आणि उरलेलं वर्ष माणसांकडून अंग चोळून घेतात. माझे हरण्या आणि तुफान, आणि सावळेरामची पुढची जोडी, असा आमचा दोघांचा मिळून गाडा. शर्यतीच्या बैलाच्या मानेवर ओझ्याचं जू ठेवायचं नाही, हा इथला कायदा. कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. चैत्रातली यात्रा महिन्याभरावर आलेली, आणि यंदा आमचा गाडा पहिल्यात येणार हे सगळा तालुका धरून चालला होता. मी हरण्याच्या मानेवरून हात फिरवला. रेशमासारखी मान, कधी घट्टा पडला नाही.

ओढ्यापलीकडं ऊसतोड्यांची टोळी उतरली होती. ट्रॅक्टर बंद पडल्यावर कारखान्याचा सगळा ऊस त्यांच्याच गाड्यांवर आलेला, त्यांच्या बैलांना मान टेकायला उसंत नव्हती. त्यांच्यातल्या प्रयागबाईकडे एक जादा टायरगाडी पडून होती. पन्नाशीची बाई, हाताला कोयत्याचे वळ, बोलणं सरळ. मी गाडी मागितली. तिनं माझे बैल पाहायला यायचं म्हटलं, आली, त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "गाडी न्या पावनं. पन ह्यांना पळाया शिकवलंय तुमी. चालाया कुनी शिकवायचं?" मला राग आला. पण मग त्या दुपारी तिनंच मला दोन तास शिकवलं, मला म्हणजे हौशीरामला, ज्यानं सगळा जन्म बैलांमागं घालवला. उताराला मागं कसं रेलायचं, जू कसं सैल ठेवायचं. तुला हसायला येईल, पण बैलगाडी चालवायला मी सत्तराव्या वर्षी एका परक्या बाईकडून शिकलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायला निघालो. साळुबाईनं गाडीत पोत्यावर गोधडी घातली, वृषालीला बसवली, हॉलतिकीट तिच्या ब्लाउजात आणि कंपासपेटी मांडीवर. पहिले दोन किलोमीटर हरण्या डावीकडं ओढतोय, तुफान उजवीकडं, आणि मी मधे शिव्या देतोय. पुढं जरा लयीला लागले. ऊन तापायच्या आत दहा किलोमीटर मागं टाकले, म्हटलं जमलं. आणि इथं मी ती चूक केली जी आपल्याकडच्याच माणसाला करता येईल. पंपाच्या अलीकडचा तो चढ आठवतोय ना तुला? टँकर येणार अशी अफवा उठली होती. चढाच्या दोन्ही बाजूंनी माणसांची रांग, हातात कॅन, खांद्यावर उपरणी, वर टोकापर्यंत. अकबर, समोर चढ, दोन्हीकडं माणसांच्या भिंती. बैलांना दुसरं काय वाटणार? पन्नास वर्षं घाटात काढलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याला काय म्हणावं. हरण्याचे कान ताठ झाले ते मला दिसलं. तेवढ्यात रांगेतल्या एका शहाण्यानं त्यांना ओळखलं, उपरणं फिरवलं आणि आरोळी ठोकली. संपलं.

टायरगाडीनं असा चढ कधी चढला नसेल. रांगेतली माणसं कॅन वाजवायला लागली, शिट्ट्या, आरोळ्या, एकानं तर मोबाइल काढून वेळ लावली. मी कासरा धरून जवळजवळ आडवा, मागं वृषाली गाडीच्या कडेला घट्ट धरून, तिची सूत्रांची वही उडाली ती चढावरच राहिली. वर टोकाला निशाण नाही, थांबवायला माणसं नाहीत, त्यामुळं बैल पुढं सपाटीला वडापर्यंत पळत गेले आणि आपणहून उभे राहिले. मला तर मागं वळून बघायचा धीर होईना. वळलो, तर ही हसतेय. डोळ्यांतून पाणी, पदर कुठल्या कुठं आणि हसतेय. म्हणाली, "मामा, सूत्रं समदी इसरले. पन पेपराचं भ्या ग्येलं बगा." केंद्रावर पोचलो तेव्हा शिपाई अजून कुलूप उघडत होता.

पुढच्या खेपांना मी तो चढ आला की खाली उतरायचो, दोघांच्या डोळ्यांवर उपरणं धरायचो आणि पायी चढवायचो. रांगेतली माणसं आमची वाट बघायला लागली. काही टिंगल करायची, काही पाणी द्यायची. गावात मात्र सावळेरामनं मला नावं ठेवायला सुरुवात केली होती. हौशीराम म्हातारपणी भाड्याची गाडी हाकतो, गाड्याच्या बैलांना उसाची गाडी लावतो, देवाला हे चालायचं नाही. मी म्हटलं, देवाला चालत नसेल तर देवानं डिझेल पाठवावं. हे बोललो म्हणून देवळापुढं दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट डोकं हलकं झालं. पेपर चालू असताना तीन तास मी केंद्रासमोरच्या लिंबाखाली बैल सोडून बसायचो. आत बाकावर आमची सून, आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांची पोरं. त्या तीन तासांत माणसाला फार आठवतं, अकबर. नको ते आठवतं.

चौथ्या खेपेवरून परत येताना डांबरावर लाल ठिपके दिसले. तुफानचा मागचा खूर. शर्यतीच्या बैलाला पत्री नसते, मऊ मातीत बारा सेकंद पळणारा खूर तो, आणि मी त्याला चार वेळा सव्वीस-सव्वीस किलोमीटर डांबरावर चालवला होता. तू असतास तर मला त्या रस्त्यातच फोडून काढलं असतंस, आणि बरोबर केलं असतंस. टोळीतल्या एकाला पत्र्या ठोकता येत होत्या. त्यानं चारी खूर उचलून पाहिले आणि मान हलवली. एवढा झिजलेला खूर खिळा धरणार नाही म्हणाला. हरण्याचंही तेच, फक्त रक्त यायचं बाकी. आता दोघांना दावणीला बांधलं, शेणमातीत उभं केलं, तर चैत्रापर्यंत भरून येतील. अजून दोन खेपा केल्या तर हरण्यासुद्धा यंदा पळणार नाही.

त्या संध्याकाळी सावळेराम चार माणसं घेऊन आला. भांडायला नाही, समजावायला, आणि तेच जास्त वाईट. खाटेवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "हौशीदा, झालं ते झालं. सुनेचे चार पेपर गाडीवर निगाले, लई झालं. बाकीचे दोन पुढच्या साली देईल. परीक्षा काय, दरसाल आस्ती." वृषाली दारात उभी होती. तिच्या तोंडाकडं मी पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, गोठ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की मी काही बोलायच्या आत ही स्वतःच नको म्हणणार आहे. तुफानच्या खुराला सकाळपासून हळद तीच लावत होती. आणि चुलीपुढून साळुबाई म्हणाली, "ह्या खेपंला हात काळं करू नगा." सावळेरामला त्याचा अर्थ कळला नाही. तुलाही कळणार नाही. मला कळला, आणि तो असा वर्मी बसला की मी हातातला चहा खाली ठेवला.

मी सावळेरामला सांगितलं, यंदा आपला गाडा नाही. तुझी जोडी दुसऱ्या कुणाबरोबर जुंप, माझ्याशी बोलू नकोस, माझ्या दारातून जाऊ नकोस, जे करायचं ते कर, पण परवा गाडी कळंबला जाणार. तो म्हणाला, वर्षाची मेहनत मातीत घालतोयस. म्हटलं, माझी आहे, मी घालतोय. चाळीस वर्षांचा भागीदार उठून गेला. जाताना त्यानं चपला हातात घेतल्या आणि अंगणाबाहेर जाऊन घातल्या. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, अजून वाटतं.

तुफानला घरी ठेवला. प्रयागबाईनं तिचा एक म्हातारा बैल दिला, ज्याला त्यांनी ओझ्यातून मोकळा केला होता, आणि हरण्याच्या खुरांना जुन्या ट्यूबचं रबर सुतळीनं बांधून दिलं. "चाला आता जावई," ती हरण्याला म्हणाली. ती जोडी बघायला गाव लोटलं. एकीकडं तालुक्याचा नावाजलेला बैल पायात रबरी जोडे घालून, दुसरीकडं हाडं मोजून घ्यावीत असा म्हातारा. हरण्या पुढं ओढायचा, म्हातारा जागचा हलायचा नाही, आणि गाडी रस्त्यात तिरकी व्हायची. शेवटी मी खाली उतरून हरण्याच्या वेसणीला धरलं आणि तेरा किलोमीटर त्याच्या तोंडापुढं चालत गेलो. तेरा जाताना, तेरा येताना, दोन्ही खेपा. साळुबाई म्हणत होती पडाल. पडलो नाही. चढावर रांगेतल्या लोकांनी मागून गाडीला हात लावला, त्यात ते उपरणं फिरवणारं शहाणंही होतं. वृषालीचा शेवटचा पेपर संपला, ती बाहेर आली, आधी हरण्याचे खूर पाहिले आणि मग मला म्हणाली, "मामा, झालं." तिसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. कुलूप कुणी उघडलं, कसं उघडलं, ते कुणी आम्हाला सांगितलं नाही.

चैत्रात यात्रा झाली. आमचा गाडा नव्हता. मी गेलो, मुद्दाम पुढं उभा राहिलो, आणि ज्यांना टिंगल करायची होती त्यांना पोटभर करू दिली. निकाल अजून लागायचा आहे. वृषाली पास होवो, नापास होवो, ती गेली आणि बाकावर बसली, हे आता कुणी पुसू शकत नाही. तुफानचा खूर भरतोय. पुढच्या साली पळेल की नाही ते सांगता येत नाही, आणि मला त्याची तितकी फिकीरही उरलेली नाही.

गुलशन, अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, म्हणजे हे पत्र त्यांना तूच वाचून दाखवते आहेस. मला हे लिहायला बसायच्या आधीपासून माहीत होतं. इथं थांब, आणि इथून पुढचं आधी मनात वाच. सत्तावीस वर्षांपूर्वी तुझा गणिताचा पेपर होता आणि तुम्हा चौघांना माझ्या जीपनं न्यायचं ठरलं होतं. जीपचा क्लच गेला असा मी निरोप धाडला. पोरं सायकलवर गेली, तुला सायकलवर कोण पाठवणार, तू वेशीत उभी राहिलीस, अकरा वाजेपर्यंत, साळुबाईनं पाहिलं. जीपला काही झालं नव्हतं, पोरी. मी ती घेऊन पहाटेच आळ्याकडं गेलो होतो, शर्यतीला, गाड्याची माणसं भरून. आमचा गाडा त्या दिवशी पहिला आला. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी येताना मी मुद्दाम हाताला ग्रीस फासलं, आणि तुझ्या अब्बांनी माझे काळे हात बघून मलाच धीर दिला, चहा पाजला. त्याच चहावर मी म्हणालो, पुढच्या साली बसव तिला, परीक्षा दरसाल असते. मे महिन्यात तुझं लग्न झालं. पुढचं मी काय सांगू, ते तू भोगलंस. तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणजे तुला कुठून तरी कळलंही असेल. कळलं नसेल तर आता कळलं. गल्लीतली पोरं शिवणयंत्रापाशी येऊन तुझ्याकडून गणितं सोडवून नेतात असं अब्बा फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगतात, आणि दर वेळी मी विषय बदलतो. माफी मागत नाही. माफीनं तुझं एक वर्षही परत येणार नाही आणि मला मात्र शांत झोप लागेल, हा सौदा मला मान्य नाही. पत्राबरोबर वृषालीची बीजगणित आणि भूमितीची पुस्तकं आहेत, समासात तिनं सगळं लिहून ठेवलंय. फॉर्म पावसाळ्यात सुटतात. लोक हसतील, मी स्वतः हसलो होतो, त्यांना हसू दे. तू भर, मला शिव्या देत भर, मरेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, पण भर. मार्चमध्ये गणिताच्या सकाळी मी जुन्नरला तुझ्या दारात असेन, डिझेल असो वा नसो, आणि त्या दिवशी कुठल्या घाटात काय आहे हे मी कुणाला विचारणारही नाही. राहिला प्रश्न तुझ्या अब्बांचा. माझा एवढा एकच दोस्त उरलाय, आणि हे ऐकल्यावर तोही उरेल की नाही मला माहीत नाही. सत्तावीस वर्षं याच भीतीनं गप्प बसलो. आता बस झालं. त्यांना वाचून दाखव.

तुझा अपराधी, आणि तू मानलंस तर अजूनही तुझाच,
हौशीकाका